पिपलियाचे फाटक

सेमरीच्या सरकारी शाळेतील नववी-दहावीचे वर्ग पुढील वर्षी तेथेच राहणार, की महामार्गापलीकडच्या मोठ्या शाळेत हलवले जाणार, हे डिसेंबरच्या तपासणीत ठरणार होते. निकष एकच होता: मुले वर्गात बसतात की नाही. सेमरी आणि भोवतीच्या खेड्यांतील लहान शाळांचे मिळून एक संकुल होते आणि सुचेता पांढरीपांडे त्याची प्राचार्या होती. हा निकष तिला अन्यायाचा वाटत नव्हता. वर्ग रिकामाच असेल तर तो चालवायचा कशाला, असे तीही म्हणाली असती. परंतु वर्ग हलला तर काय होईल, हेही तिला पक्के ठाऊक होते. मुलगे महामार्ग ओलांडून जातील आणि मुली घरी बसतील. शेजारच्या पिपलियाची शाळा आठवीपर्यंतच होती आणि तेथील मुली नववीला सेमरीत येत; त्यांच्या आयांनी तसे तिला तोंडावर सांगितले होते. वर्ग इथेच राहील, असा शब्द सुचेताने त्यांना दिला होता.

अडचण जुलैमध्ये सुरू झाली. संकुलातील गणित-विज्ञानाच्या दोन शिक्षकांपैकी एकाची बदली झाली आणि त्या जागी कोणी आले नाही. उरले विलास डोंगरे. ते मूळचे पांढुर्ण्याचे, उंच, सावकाश बोलणारे आणि मोटरसायकलवर अतोनात प्रेम करणारे गृहस्थ होते. सेमरीची नववी आणि पिपलियाची सहावी ते आठवी, असे दोन्हीकडचे गणित आता त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडले. दहावीचे गणित सुचेता स्वतः शिकवत असे. विज्ञान मात्र तिथेही डोंगरे सरांचेच.

सुचेता भोपाळला, कारखान्याच्या बरखेडा वसाहतीतील क्वार्टरमध्ये सासूसासऱ्यांसह राहत होती. तिचा नवरा कौस्तुभ त्या कारखान्यात अभियंता होता. त्याआधी त्याचे वडील विनायकराव यांनी त्याच कारखान्याच्या उत्पादन नियोजन विभागात सारी नोकरी घालवली होती. नागपूरच्या तंत्रनिकेतनातून यांत्रिकीची पदविका घेऊन ते भोपाळला आले आणि भोपाळचेच झाले. कोणते यंत्र केव्हा मोकळे होईल, कोणता भाग केव्हा त्यावर चढेल, हे ठरवणे त्यांचे काम. यंत्र रिकामे दिसले की त्यांना अस्वस्थ वाटे. निवृत्तीनंतर यंत्रे गेली, अस्वस्थता राहिली.

संध्याकाळच्या चहाला सुचेताने आपली अडचण सांगितली तेव्हा ते खुर्चीत सरळ होऊन बसले.

"एक मशीन, दोन लाइनी," ते म्हणाले. "यात अवघड काय आहे?"

"बाबा, डोंगरे सर मशीन नाहीत."

"ते मी गृहीत धरलंय. तुझी अट काय ती सांग."

"गणित पहिल्या तासाला हवं. दोन्ही शाळांत. डोकं ताजं असतं तेव्हाच गणित शिरतं."

"मग दोन्ही शाळांचा पहिला तास एकाच वेळी असू नये. सोपं आहे."

सासूबाई मंगलाताईंनी आतून वाटाणे सोलता सोलता हाक दिली. "सुचेता, यांच्या नादी लागू नकोस गं. माझ्या भाजीबाजारालासुद्धा वेळापत्रक केलं होतं यांनी. बिट्टन मार्केटला जायचा वेळ, यायचा वेळ, घासाघीस करायचा वेळ! त्यांनी दिलेल्या वेळात माझी कोथिंबीरसुद्धा होत नाही."

"तुझी घासाघीस नियोजनाबाहेरची असते," विनायकराव म्हणाले आणि आलेखाचा कागद शोधायला उठले.

दोन दिवसांत तक्ता तयार झाला. सेमरीची वेळ जुनीच राहिली. पिपलियाची शाळा तासभर उशिरा सुरू होणार आणि तेवढीच उशिरा सुटणार होती. डोंगरे सर सेमरीच्या नववीला पहिला तास घेतील, मोटरसायकलने पिपलियाला जातील आणि तेथेही पहिल्याच तासाला तिन्ही वर्गांसमोर एकत्र उभे राहतील. नंतर दहावीच्या विज्ञानासाठी पुन्हा सेमरी. निळ्या रंगात अध्यापन होते, पिवळ्यात प्रवास. पांढरा रकाना एकही नव्हता. सुचेताला तो तक्ता मनापासून आवडला. तिने आपल्याकडून त्यात एका नियमाची भर घातली. पहिला तास इतका मोलाचा असेल तर त्यात व्यत्यय नको, म्हणून उशिरा येणाऱ्याने तो तास संपेपर्यंत व्हरांड्यात थांबावे.

तक्रार फक्त डोंगरे सरांची आली, तीही हसत. "मॅडम, सगळं बरोबर हाय. मी जेवतो केव्हा, तेवढं सांगा ना जी."

"पिपलियाहून निघाल्यावर," सुचेता म्हणाली. तक्त्यात प्रवासाला थोडा जास्तच वेळ दिलेला होता.

"म्हणजे गाडीवर? एका हातात पोळी आन् एका हातात क्लच?" ते म्हणाले. पण त्यांनी ते निभावले. पुलाजवळ गाडी लावून, उभ्यानेच डबा खाऊन ते पुढे जात.

पिपलियाच्या शाळेतील कल्पना सोहनी यांना मात्र ही नवी वेळ वरदान वाटली. त्या हबीबगंजहून दोन वाहने बदलून येत. आता सकाळची धावपळ संपली होती. आईला औषध देऊन, स्वतः चार घास खाऊन त्यांना निघता येऊ लागले. "पांढरीपांडे काकांना माझा नमस्कार सांगा," असे त्या सुचेताला दर भेटीत म्हणत.

पहिले काही आठवडे ठीक गेले. सप्टेंबरच्या अखेरीस नववीचे बाक ओस पडू लागले. मुलगे असत, मुली विरळ होत. ज्या येत त्यांतील बऱ्याच उशिरा येत आणि खाली मान घालून व्हरांड्यात उभ्या राहत. उशीर का, असे विचारले की उत्तर ठरलेले असे: "घर पे काम था, मॅडमजी." सोयाबीनच्या कापणीचे दिवस होते. दरवर्षी या सुमारास हजेरी घसरतेच, हे सगळ्यांना माहीत होते. म्हणून कोणी अधिक खोलात गेले नाही.

सोयाबीन घरात आले. दिवाळी झाली. गव्हाची पेरणीही उरकली. मुली आल्या नाहीत.

नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी सुचेता घरी आली ती चप्पल न काढताच ओट्याशी जाऊन उभी राहिली. मंगलाताईंनी तिच्याकडे पाहिले आणि गॅस बारीक केला.

"काय झालं गं?"

"आज नववीच्या पहिल्या तासाला पिपलियाची एकच मुलगी होती, आई. एकच. तपासणी पुढच्या महिन्यात आहे." तिचा आवाज चढला. "मी त्या बायकांना शब्द दिलाय. त्यांनी आपापल्या घरात भांडून मुलींना नववीत घातलं आणि आता मुलीच येत नाहीत. मी तरी काय करायचं?"

विनायकराव दारात उभे होते. "मुलगे किती येतात?" त्यांनी विचारले.

"जवळजवळ सगळे."

"पिपलियाचेसुद्धा?"

"हो."

"रस्ता तोच, शेती तीच, शाळा तीच. मुलगे पोहोचतात आणि मुली पोहोचत नाहीत." ते आत आले. "म्हणजे दोष रस्त्यात कुठेतरी आहे. तो इथे बसून सापडणार नाही. उद्या मला घेऊन चल."

"तुम्ही काय करणार तिथे?"

"बघणार. कारखान्यात एखादा भाग वेळेवर आला नाही की आम्ही आधी टेबलावर बसून तर्क करायचो. मग शॉपमध्ये, यंत्रांपाशी, जाऊन उभे राहायचो आणि सगळे तर्क चुकीचे निघायचे. मी आधीच तिथे जाऊन उभं राहायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कौस्तुभची गाडी घेऊन दोघे निघाली. आनंदनगर मागे पडले तसे रायसेन रस्त्यावर थंडी जाणवू लागली. विनायकरावांनी कानटोपी घातली होती आणि मांडीवर मंगलाताईंनी दिलेला थर्मास होता. सेमरीला न थांबता दोघे थेट पिपलियाला गेली आणि शाळेपासून थोड्या अंतरावर गाडी उभी करून आतच बसून राहिली.

शाळेच्या फाटकाला कुलूप होते. गावातील माणसे शेताकडे निघाली होती. एका ट्रॉलीत बायका चढत होत्या. काही वेळाने वस्तीतून मुले येऊ लागली. सगळी लहान होती आणि प्रत्येक लहानग्याबरोबर एक मोठी मुलगी होती. मोठ्या मुलींच्या अंगावर सेमरीच्या शाळेचा गणवेश होता.

मुली फाटकासमोरच्या निंबाखाली बसल्या. एकीने धाकट्या बहिणीची वेणी घातली. दुसरीने मांडीवर वही घेतली, पण एक पोर सारखे तिच्या गळ्यात पडत होते. तिने वही मिटली. तिसरी नुसतीच रस्त्याकडे बघत होती.

"या मुली इथे काय करताहेत?" सुचेता पुटपुटली. "सेमरीचा पहिला तास सुरू व्हायची वेळ झाली की!"

ती गाडीतून उतरली. तिला पाहताच मुली ताडकन उभ्या राहिल्या. वही मिटणारी मुलगी संध्या अहिरवार होती. पहिल्या सहामाहीच्या आरंभी ती गणितात वर्गात सर्वांत पुढे होती. गेल्या पंधरवड्यात सुचेताने तिला पाहिलेही नव्हते.

"संध्या, स्कूल क्यों नहीं गई?"

"जाऊँगी, मॅडमजी." संध्याने खाली पाहिले. "भाई को अंदर कर दूँ, फिर."

"अंदर मतलब?"

"फाटक खुले तो. कटाई से अम्मा रोज़ सुबह खेत पे जाती है, घर में ताला लग जाता है. इसको किसके पास छोड़ूँ?" तिने पोराच्या नाकाखालचा शेंबूड आपल्या ओढणीने पुसला. "पहले फाटक जल्दी खुलता था. इसको छोड़के हम सब साथ में निकलते थे. अब ये खुलता है तब तक वहाँ पहला पीरियड निकल जाता है. फिर बाहर खड़े रहो." तिने पोराला जवळ ओढले. "लड़के हँसते हैं, मॅडमजी. तो कोई-कोई इसको छोड़के सीधे खेत पे चली जाती है."

"तूने मुझे बताया क्यों नहीं?"

संध्याने शेजारणीकडे पाहिले. शेजारीण हळूच म्हणाली, "आपने ही तो टाइम बदला था."

तिने त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. पोराने तो लगेच झटकला आणि बहिणीच्या मागे दडले. मुली हसल्या, त्यामुळे तीही हसली.

ती गाडीत परतली. विनायकरावांनी काच खाली केलेली होती. त्यांनी सगळे ऐकले होते. थर्मासचे झाकण उघडून त्यांनी चहा ओतला आणि प्याला सुनेला दिला.

"कौस्तुभला शाळेत कोण सोडायचं?" त्यांनी विचारले.

"मला काय माहीत, बाबा? मी तेव्हा थोडीच होते?"

"कोणीच नाही. वसाहतीची बस क्वार्टरसमोर यायची. भोंगा झाला की मी बाहेर, बस आली की तो बाहेर. आई घरी. एकाची वेळ बदलली तर दुसऱ्याचं काही अडत नसे. मी तीच गोष्ट इथे धरून चाललो." त्यांनी फाटकाकडे बोट केले. "मी सुटे भाग मोजले. इथे भाग सुटे नाहीतच. मुलगी आणि तिचा भाऊ मिळून एक नग आहे."

"आणि व्हरांड्याचा नियम माझा," सुचेता म्हणाली. "तो तुमच्या तक्त्यात नव्हता."

"असं म्हणतेस? मग अर्धा अर्धा वाटून घेऊ." ते किंचित हसले. "आता तुला गणिताचा पहिला तास सोडावा लागेल. निदान इथला. फाटक जुन्याच वेळेला उघडायला हवं."

"पिपलियाच्या मुलांचं डोकं दुपारी चालेल?"

"तू दुपारी शिकवून तर बघ. आमची सगळ्यात अवघड कामं दुसऱ्या पाळीत व्हायची."

थोड्या वेळाने कल्पना सोहनी आल्या. प्राचार्यांना फाटकाशी उभे पाहून त्या चपापल्या. त्यांनी फाटक उघडून मुलांना आत सोडले, मग सुचेताने त्यांना तेथेच, निंबाखाली, सर्व सांगितले. कल्पनाताईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"म्हणजे पुन्हा ती पहाटेची धावपळ," त्या म्हणाल्या. "मॅडम, खरं सांगते, आता कुठे घडी बसली होती माझी. आईसुद्धा खूश होती."

"मला कल्पना आहे. म्हणून हुकूम देत नाही, विचारते आहे."

कल्पनाताईंनी मुलींकडे पाहिले. मुली दप्तरे उचलून सेमरीच्या वाटेला लागल्या होत्या. पाच-सहा जणीच होत्या. बाकीच्या दोघी-तिघी गणवेशातच उलट दिशेने, शेताकडे वळल्या.

"रोज दिसतात मला," कल्पनाताई म्हणाल्या. "मला वाटायचं, गप्पा ठोकत बसतात. परवा तर मी ओरडले एकीवर, इथे बसून काय करतेस, शाळेत जा म्हणून!" त्यांनी हातातली किल्ली पर्समध्ये टाकली. "येईन मी जुन्या वेळेला. दुसऱ्या शिक्षिकेशी बोलते. एक दिवस ती उघडेल, एक दिवस मी. पण पांढरीपांडे काकांना माझा नमस्कार आता बंद."

"मी इथेच आहे," गाडीतून आवाज आला. "तो मी परत करतो."

त्या दिवशी संध्याकाळी तक्ता पुन्हा आखला गेला. सेमरीच्या नववीचा पहिला तास तसाच राहिला. पिपलियाचे गणित जेवणाच्या सुट्टीनंतर गेले आणि दहावीचे विज्ञान आधी आले. विनायकरावांनी सगळे रकाने भरले, पण शेवटी मध्ये एक उरला. तो कशानेही भरेना. त्यांनी रबर हातात घेतले, ठेवले, पुन्हा घेतले.

"राहू द्या ना," सुचेता म्हणाली.

"अख्खा तास रिकामा जातो आहे!"

"अहो, त्या माणसाला बसून जेवू द्या," मंगलाताई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः कधी उभ्याने जेवलात का? पापड विसरला तर पुन्हा पानावर बसायचा तुम्ही."

रकाना पांढराच राहिला. डोंगरे सरांना तो दाखवला तेव्हा त्यांनी त्यावर बोट ठेवून खात्री करून घेतली. "हे माझंच हाय न जी? छापताना चुकलं तर नाही?"

व्हरांड्याचा नियम सुचेताने वर्गात स्वतः मागे घेतला. पण नियम मागे घेतला म्हणून गेलेल्या मुली आपोआप परत येणार नव्हत्या. म्हणून सोमवारी ती फाटक उघडण्याच्या आधीच पिपलियाला पोहोचली. कल्पनाताई धापा टाकत आल्या, कुलूप काढले आणि लहान मुले आत पळाली. सुचेताने आपली गाडी तेथेच शाळेच्या भिंतीशी ठेवली आणि मुलींना म्हणाली, "चलो. आज मैं भी पैदल."

वाट शेतातून जात होती. हरभरा वीतभर वर आला होता. आरंभी मुली तिच्या मागे, शिस्तीत, गुपचूप चालल्या. मग एकीने दुसरीला ढकलले. कोणीतरी फिसकन हसले.

"मॅडमजी, आपकी चप्पल में काँटा लगेगा," एक म्हणाली.

"लगे तो निकाल देना."

"परसों तो आप हमको निकालती थीं, क्लास से."

हे ऐकून संध्याने तिला चिमटा काढला. सुचेता मात्र इतक्या जोरात हसली की बांधावरची टिटवी ओरडत उडाली. त्यानंतर बोलणे थांबले नाही. वाटेत एका शेतात दोन मुलींच्या आया खुरपत होत्या. त्यांनी कपाळावर हात धरून पाहिले. प्राचार्या मुलींबरोबर चिखल तुडवत चालली आहे, ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी मुलींचा घोळका मोठा होता. आठवडाअखेरीस सुचेताला यायची गरज उरली नाही.

तपासणी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. जिल्हा कार्यालयातून आलेल्या अधिकारी बाई फार बोलल्या नाहीत. त्या पहिल्याच तासाला नववीत जाऊन मागच्या बाकावर बसू लागल्या, पण तेथे जागा नव्हती. दोन मुलींनी सरकून त्यांना बसवून घेतले. डोंगरे सर फळ्यावर समीकरण मांडत होते. बाईंनी शेजारच्या मुलीची वही पाहिली, तिला काहीतरी विचारले, तिने उत्तर दिले, आणि मग त्या तास संपेपर्यंत उठल्याच नाहीत. जाताना सुचेताला एवढेच म्हणाल्या, "कक्षा तो भरी हुई है. इसे कहाँ ले जाएँगे?"

जानेवारीत पत्र आले. वर्ग सेमरीतच राहणार होते.

ही बातमी फोनवर सांगावी, असे सुचेताला वाटले नाही. ती पिपलियाला गेली. शाळा सुटायची वेळ होती. काही आया शेतातून परतताना मुलांना घ्यायला थांबल्या होत्या. तिने त्यांना सांगितले. एका बाईने "अच्छा हुआ" म्हणून डोक्यावरचा भारा खाली ठेवला आणि हात झटकले. दुसरीने सुचेताला बळेच घरी नेऊन चहा पाजला. त्यात साखर इतकी होती की मंगलाताई पाहत्या तर बोलल्या असत्या. सुचेताने दुसरा कपही घेतला.

ती निघाली तेव्हा सेमरीहून परतणाऱ्या मुली वाटेत भेटल्या. त्यांनाही कळले होते. संध्या दोन पावले पुढे आली.

"मॅडमजी, दसवीं तो हो गई पक्की. ग्यारहवीं में मैथ्स कहाँ मिलेगा?"

जवळात जवळची सोय आनंदनगरला होती, म्हणजे बसने जाणे, म्हणजे पुन्हा आयांशी बोलणे. "देखते हैं," ती म्हणाली. संध्याने मान डोलावली. प्राचार्या पाहणार म्हणाल्या म्हणजे पाहतील, असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. पूर्वी या भरवशाचे सुचेतावर दडपण आले असते. आज तिला तो हवासा वाटला.

घरी तिने हे सांगितले तेव्हा विनायकराव चष्मा पुसत होते. ते आलेखाचा कागद मागतील, अशी तिची अपेक्षा होती.

"आनंदनगरची बस सकाळी लवकर निघते," ते म्हणाले. "मग तिच्या भावाला शाळेत कोण सोडील?"

"विचारलं मी तिला. तो आता कोणाच्या सोबतीने जात नाही म्हणे. तोच शेजारच्या दोन लहान मुलांना हाताला धरून नेतो."

"बरं." विनायकरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि त्या दोन पोरांचं घर कुठे आहे? नग आता तिघांचा झाला."